कपिलच्या नावाने फिरणारा फॉरवर्ड आणि पोरांच्या पाठी

‘कपिल देव १३१ कसोटी खेळला, दुखापतीमुळे एकही चुकली नाही. तेव्हा जिम नव्हती. जिमनेच आजच्या पोरांची शरीरं ठिसूळ केली. वर्कलोड वगैरे थेरं आहेत. भरपूर बोलिंग टाका, आपोआप फिट राहाल.’ २०२५ मध्ये बुमराह इंग्लंडमध्ये पाचपैकी तीनच कसोटी खेळला, तेव्हापासून अशा अर्थाचे मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरतायत.

कपिलचं खरंच आहे. पण तो अपवाद होता. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली तर त्याच्याही आधीचा. १९७३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्याच्या कमरेच्या मणक्यांना तडे गेल्याचं निघालं, सहा आठवडे त्याचं धड प्लास्टरमध्ये होतं. जे टिकले त्यांचीच नावं आपल्याला पाठ असतात. विशीतच पाठ धरून घरी बसलेले कोण लक्षात ठेवतो?

आणि लिली परतला कशाच्या जोरावर? आखून दिलेल्या कडक व्यायामाच्या. जिमचा मुद्दा इथेच संपतो. तरी एक सांगतो: ‘नॉर्डिक हॅमस्ट्रिंग’ हा साधा व्यायाम नियमाने करणाऱ्या फुटबॉल संघांत मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचं अभ्यासांत दिसलंय.

‘भरपूर टाका’ हे मात्र अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच जास्त घातक. महिनोन्महिने सातत्याने टाकणाऱ्याचं शरीर खरोखर कणखर होतं. घात करते ती अचानक वाढ. दोन महिने आयपीएलमध्ये सामन्याला चार षटकं आणि लगेच कसोटीत दिवसाला वीस, हे हाडाला झेपत नाही. ‘आयपीएल चालते, मग देशासाठी विश्रांती कशी?’ हा राग मला पटतो. पण त्यावर उपाय म्हणजे मधल्या आठवड्यांत षटकं हळूहळू चढवणं. वर्कलोड सांभाळणं म्हणतात ते हेच.

ऑस्ट्रेलियातले खेळाडूंचे डॉक्टर जॉन ऑर्चर्ड यांच्या अभ्यासात एका सामन्यात पन्नासहून जास्त षटकं टाकणाऱ्यांना पुढच्या तीन-चार आठवड्यांत दुखापतीचा धोका वाढलेला आढळला. बुमराहने डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नला ५३.२ षटकं टाकली. चारच दिवसांनी सिडनी कसोटी सुरू झाली, तिथे दहा षटकांनंतर पाठ धरली आणि पुढे चॅम्पियन्स ट्रॉफीही हुकली.

‘सिराज इंग्लंडमध्ये पाचही कसोटी खेळला की!’ खेळला, १८५.३ षटकं टाकली, २३ बळी घेतले, त्याला सलाम. पण २०२३ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया झालेल्या बुमराहला सिराजचं माप लावायचं?

माझी खरी काळजी बुमराहची नाही, त्याच्यामागे डॉक्टरांची फौज आहे. शाळा, क्लब आणि अकादमी अशा तिन्हीकडे टाकणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराचे चेंडू कोण मोजतं? त्या वयात मणके पुरते पक्के झालेले नसतात. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज पॅट कमिन्स अठराव्या वर्षी, २०११ मध्ये जोहान्सबर्गला पहिली कसोटी खेळला; दुखापतींमुळे दुसरी थेट २०१७ मध्ये, रांचीला. पालकांनो, नेटमधले चेंडूही वहीत लिहा. उजव्या हाताने टाकणाऱ्या मुलाची कंबर डावीकडे दुखत असेल, मागे वाकल्यावर कळ येत असेल, तर बाम चोळून पुन्हा मैदानावर पाठवू नका. बोलिंग त्याच दिवशी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.