शून्य नंबरचा मालक

जुना फोन गेला तो जिन्यावरून. सहा पायऱ्या तोंडावर आपटत गेला आणि सातवीवर थांबून त्याने एकदा उजेड केला. त्यानंतर काचेवर जे कोळ्याचं जाळं उमटलं, त्यात डाव्या बाजूची सगळी अक्षरं अडकली. 'अ' दाबला की काही व्हायचं नाही, आणि काही न दाबता कुणालातरी फोन लागायचा.

"नवीन घ्या आता," बायको म्हणाली.

एवढं साधं वाक्य. दुसरा कुणी असता तर नवीन फोन घेऊन संध्याकाळपर्यंत मोकळा झाला असता. मी मित्राला विचारायला गेलो.

हा मित्र संगणकातला, आणि 'फोन' या शब्दाचीच त्याला चीड. "फोन कसला घेतोस? खिशात कॉम्प्युटर ठेव, कॉम्प्युटर!" असं त्याने मला फोनवरच बजावलं, तेही वहिनींच्या नंबरवरून. त्याचे फोन नेहमी वहिनींच्या नंबरवरूनच यायचे. मला वाटायचं, काटकसर.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं (थोडक्यात हे माझं, त्याने पाऊण तास घेतला). स्मार्टफोन काय आणि पॉकेट कॉम्प्युटर काय, दोन्ही तळहाताएवढेच, दोन्हींत प्रोसेसर आणि मेमरी तीच. अँड्रॉइडच्या पोटात तर लिनक्सचाच गाभा (लिनक्स म्हणजे यंत्र चालवणारी, सगळ्यांना खुली असलेली प्रणाली). फरक आहे तो किल्ल्यांचा. या घराण्यात प्रत्येक वापरकर्त्याला एक नंबर असतो. शून्य नंबरचा जो असतो तो रूट, म्हणजे मालक. त्याने भिंत पाड म्हटलं की भिंत पडते. अँड्रॉइडने प्रत्येक ॲपला वेगळा नंबर देऊन वेगळ्या खोलीत कोंडलेलं असतं, कुणी शेजाऱ्याच्या ट्रंका उचकू नयेत म्हणून. व्यवस्था चोख आहे. फक्त शून्य नंबरची किल्ली घर विकत घेणाऱ्याला देत नाहीत.

"म्हणजे त्या घरात तू कोण?" त्याने विचारलं.

"भाडेकरू?"

"भाडेकरूला निदान खिळा तरी ठोकता येतो."

हे मनाला लागलं. मग मला एकेक आठवायला लागलं. जुन्या फोनमध्ये पहिल्या दिवसापासून तीन ॲप अशी होती, की जी मी कधी उघडली नाहीत आणि मला कधी काढताही आली नाहीत. दूरच्या नातेवाइकांसारखी ती कोपरा धरून बसली होती. टॉर्चच्या एका ॲपने माझ्या सगळ्या संपर्कांची यादी मागितली होती. अंधारात कुणाला हाक मारायची वेळ आली तर असावी जवळ, असं समजून मी ती दिलीही होती.

"अरे बाबा, अँड्रॉइड फोनपण रूट करता येतो की," मुलगी म्हणाली. "पण मग बँकेचं ॲप चालेलच असं नाही."

"का?"

"त्याला कळतं की तू मालक झालायस. मग त्याचा तुझ्यावर विश्वास उरत नाही."

मालक स्वतःच्या घरात किल्लीने शिरला म्हणून रखवालदाराने आरडाओरडा करावा, तसला हा प्रकार. बँकेच्या दृष्टीने मी विश्वासू केव्हा, तर माझ्या हातात काही नसेल तेव्हा. (घरातही साधारण हेच धोरण आहे, पण तो या लेखाचा विषय नाही.)

खरं सांगायचं तर मित्राने चेतवलं नसतं तरी मी घसरलो असतोच. रोग जुना आहे. लहानपणी एका काकांकडे शार्पचं पीसी-1211 होतं, 1980 सालचं. दिसायला लांबट कॅल्क्युलेटर, पण त्यावर इंग्रजी मुळाक्षरांची सगळी बटणं, आणि वर 24 अक्षरं मावतील एवढी एकच ओळ. त्यावर चक्क बेसिक नावाच्या संगणकभाषेत प्रोग्राम लिहिता यायचा. काकांनी माझ्यासाठी एक लिहिला होता. त्यात नाव टाकलं की यंत्र नाव घेऊन नमस्कार करायचं. त्या वयात मला नमस्कार करणारं घरात ते एकटंच होतं. असल्या गोष्टी माणूस विसरत नाही.

त्या आठवणीच्या जोरावर तीन रात्री जागून मी या यंत्रांची वंशावळ वाचून काढली. 1993 चा ॲपलचा न्यूटन माणसाचं अक्षर ओळखायला निघाला आणि त्या पायी हसं करून घेतलं. 1996 मध्ये आलेला पामचा पायलट जास्त व्यवहारी. माणसाचं अक्षर सुधारत नाही हे ओळखून त्याने माणसालाच नवी बाराखडी शिकायला लावली, आणि लोक मुकाट्याने शिकले. त्याच वर्षीचा नोकियाचा 9000 कम्युनिकेटर म्हणजे बाहेरून फोन आणि कंपासपेटीसारखा उघडला की आत कीबोर्ड. वजन 397 ग्रॅम. तो खिशात ठेवणारा माणूस पाठीमागूनही ओळखू येत असणार. मग 1997 चा सायऑन सिरीज 5. झाकण उघडलं की त्याचा कीबोर्ड सुर्रकन पुढे सरकायचा, आणि सगळं यंत्र दोन पेन्सिल सेलवर चालायचं. त्याचे फोटो मी इतका वेळ बघत बसलो, की बायकोने मागून येऊन कोण आहे ते बघितलं. यंत्र आहे म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. दुसरं काही असतं तर निदान भांडता आलं असतं.

9 जानेवारी 2007 ला आयफोन लोकांपुढे आला आणि बटणांचं राज्य खालसा झालं. त्यानंतर 2009 मध्ये नोकियाचा एन900 आला. सरकवला की कीबोर्ड बाहेर, आत लिनक्स, आणि मेन्यूत टर्मिनल, म्हणजे यंत्राला हुकूम टाइप करून द्यायचा काळा पडदा, हजर. पण तोवर जग काचेवर बोट घासायला शिकलं होतं.

"तुम्हाला फोन घ्यायचाय की परीक्षेला बसायचंय?" बायकोने विचारलं.

शेवटी मित्राने त्याच्याकडचं एक जादा यंत्र आठवडाभर वापरायला दिलं. नाव सांगत नाही; दोष यंत्राचा किती आणि माझा किती, हे अजून ठरायचंय. दिसायला साध्या फोनसारखंच, पण आत अस्सल लिनक्स आणि शून्य नंबरची किल्ली माझ्या हातात. देताना त्याने मागचं झाकण नखाने उचकटून दाखवलं. आत मुंगीएवढ्या सहा खिट्ट्या एका ओळीत. मॉडेम (मोबाइलच्या नेटवर्कशी बोलणारा भाग), वायफाय, माइक, मागचा कॅमेरा, पुढचा कॅमेरा, हेडफोन.

"खिट्टी पाडली की विषय संपला," तो म्हणाला. "मग कुठलंही सॉफ्टवेअर कितीही हुशार असू दे, बहिरं आणि आंधळं."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं असं म्हणणार नाही, पण आवाज भरला होता.

पहिल्या दिवशी मी टर्मिनल उघडलं. मालकाला शोभेल असं काहीतरी करावं म्हणून आधी सगळं अपडेट करायला घेतलं. पडद्यावरचा कीबोर्ड वर आला आणि त्याने अर्धा पडदा खाल्ला. उरलेल्यात अक्षरं मुंग्यांसारखी दिसत होती, म्हणून ती मोठी केली. आता हुकमाच्या दोन ओळी दिसत होत्या. काकांच्या यंत्रात एक दिसायची. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एक ओळ वाढली. यंत्राने पासवर्ड मागितला. तो टाकताना पडद्यावर टिंबंसुद्धा उमटत नाहीत, त्यामुळे आपण टाइप करतोय की नुसतेच काचेला गुदगुल्या करतोय हे कळत नाही. तिसऱ्या खेपेला जमलं. 'पुढे जायचं का?' असं यंत्राने विचारलं. इतक्या अदबीने मला बऱ्याच वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं. सॉफ्टवेअरची तीनशेवर पॅकेजं उतरायला लागली आणि बॅटरी अकरा टक्क्यांवर होती हे मला तेव्हा दिसलं.

चार्जर शोधून, यंत्र शुद्धीवर आणून, मित्राला दोनदा विचारून (वहिनींच्या नंबरवर) संध्याकाळपर्यंत अपडेट झालं. आधी आणि नंतर यात मला दिसलेला फरक एकच: घड्याळ चार मिनिटं मागे गेलं. ते पुढे आणण्यात रात्र झाली. पण काय सांगू, ते पुढे सरकलं तेव्हा मला जो आनंद झाला तो फोनच्या घड्याळाने कधी दिला नव्हता. फोनचं घड्याळ आपोआप बरोबर असतं. त्यात आपलं काय?

दुसऱ्या दिवशी फोटो काढले. मुलीने बघून विचारलं, "बाबा, हे सीसीटीव्हीचं फुटेज आहे का?"

तिसऱ्या दिवशी मात्र कसोटी लागली. रात्री सगळे एकत्र बसलो होतो आणि मेहुण्याचा फोन आला. या यंत्रात बॅटरी वाचवायला सगळं झोपलेलं असतं. फोन आला की मॉडेम जागा होतो, तो प्रोसेसरला उठवतो, तो पडद्याला, आणि मग घंटी वाजते. एकत्र कुटुंबात पाहुणे आल्यावर दार उघडायला कोणी जायचं यावरून जसं चालतं, तसं. तोवर समोरचा बहुधा कंटाळलेला असतो. मेहुणा चिवट निघाला. मी हिरवं बटण दाबलं, यंत्र कानाला लावलं, आणि आवाज कानात न येता भोंग्यातून खोलीभर आला.

"दाजी, ताईला कळू देऊ नका, पण मी नोकरी सोडली."

ताई दोन हातांवर बसली होती.

आवाज कानात यावा की भोंग्यातून, हे मालकाने ठरवायचं असतं आणि ते कुठे ठरवायचं ते मला माहीत नव्हतं. मी जे दिसेल ते दाबत होतो. मेहुणा बोलत होता, "ताईला सांगितलं की ती लगेच आईला सांगणार, तिच्या पोटात काही राहत नाही." मी कॅल्क्युलेटर उघडला. मेहुणा बोलत होता. मी पडदा आडवा केला. ताईने शांतपणे माझ्या हातातून यंत्र घेतलं आणि ती म्हणाली, "बोल."

पुढचा तास गाळतो.

ती झोपल्यावर मी झाकण उघडलं. यंत्राचं तोंड बंद करायचं होतं, नेमकी कुठली खिट्टी ते आठवत नव्हतं, चष्मा आतल्या खोलीत होता आणि आत जायची माझी छाती नव्हती. अंदाजाने टाचणीच्या टोकाने एक खिट्टी खाली केली. 'टिक्' असा अगदी बारीक आवाज झाला.

त्यानंतरचे दोन दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. मला एकही फोन आला नाही. कर्ज हवंय का, असं कुणी विचारलं नाही. साहेबांनी 'कुठे आहात?' म्हटलं नाही. घरच्या वायफायवर मेल येत होते, मी लेख वाचत होतो, एक छोटासा प्रोग्रामसुद्धा लिहिला, नाव विचारून नमस्कार करणारा. मला वाटलं, लोकांना आपल्या वेळेची किंमत कळायला लागली.

तिसऱ्या दिवशी बँकेचा चार आकडी कोड हवा होता. तो येईना. पुन्हा मागवला, येईना. मी बँकेला शिव्या देत असताना बायको बाहेरून आली आणि दारातच म्हणाली, "परवापासून तुमचा फोन लागत नाहीये. भांडण संपलं असं सांगायला मी सहा वेळा फोन केला. आता संपलेलं नाही."

मी चष्मा लावून झाकण उघडलं. पहिली खिट्टी. मॉडेम.

मित्राला हे सांगायला त्याच्या घरी गेलो. त्याला हसू येईल असं वाटलं होतं. तो गंभीर झाला. "मग त्यात काय झालं? मी तर मॉडेम बंदच ठेवतो. चार वर्षं झाली. बॅटरी काय टिकते म्हणून सांगू!"

आतून वहिनींचा आवाज आला, "भावजी, तुमचे साहेब माझ्या नंबरवर फोन करत नाहीत ना अजून? ह्यांचे करतात."

शनिवारी बायकोने माझ्यासाठी साधा, सरळ, सगळ्यांकडे असतो तसला स्मार्टफोन मागवला. मी विरोध केला नाही. सुरू केल्यावर त्याने अटींची एक लांबलचक यादी दाखवली. 'सहमत' हे एकच बटण ठळक होतं, ते दाबलं. घड्याळ आपोआप बरोबर लागलं. बँकेच्या ॲपने मला ओळखलं आणि आनंदाने आत घेतलं. मेहुण्याचा फोन पहिल्याच घंटीला लागला आणि आवाज थेट कानात आला, अगदी खासगीत. नवीन नोकरी मिळालीये म्हणे, ताईला सांगू नका. पहिल्या तासात निरनिराळ्या ॲपनी मला चौदा वेळा हाक मारली. त्यातलं एक मला चालण्याची आठवण करून देत होतं. मी त्याला कधी बोलावलं होतं ते आठवत नाही.

मित्राचं यंत्र अजून टेबलाच्या खणात आहे. रात्री सगळे झोपल्यावर मी ते कधीतरी काढतो, नाव टाकतो, ते नमस्कार करतं. बायको रोज विचारते, परत कधी देणार? मी तिला सांगतो, अगं, मी त्याला रोज फोन लावतो, त्याचा लागतच नाही. यात खोटं काही नाही.

वहिनींचा नंबर माझ्याकडे आहे. पण तो मी अजून लावलेला नाही.