राहिलेलं अवतरणचिन्ह
फ्रीबीएसडी ही युनिक्सच्या वळणाची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम 'नवशिक्यांसाठी नाही' हे तिच्यावरच्या लेखातलं मत काही पटलं नाही. डिचोलीला घरी जुन्या लॅपटॉपवर मी आधी तीच शिकलो. एकदा आरसी.कॉन्फ या सिस्टिमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं आणि मशीन थेट सिंगल यूजर मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीपुरतं अर्धवट सुरू! फाइल दुरुस्त करायला गेलो तर रूट फाइलसिस्टिम (डिस्कचा ती फाइल असलेला मुख्य भाग) फक्त वाचण्यापुरती. (बाहेर धो धो पाऊस, वीज कधी जाईल याचा नेम नाही, बॅटरी तर मेलेलीच.) मोबाइलवर फ्रीबीएसडीचं हँडबुक उघडून शोधलं, 'माउंट -यू /' ही कमांड दिली, तेव्हा कुठे लिहू दिलं. त्या एका रात्रीत मशीन सुरू होण्याची (बूट) प्रक्रिया जेवढी कळली तेवढी महिनाभरात कळली नव्हती. आता हाताने फाइल उघडतच नाही, तिच्यात बदल करून देणारं सिसआरसी हे टूल वापरतो. अवतरणं तेच घालतं. लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही?