भिंतीवरची नावे आणि भरती टाळणारे

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी अमेरिकेत युद्धात कामी आलेल्या सैनिकांचे स्मरण केले जाते आणि त्या निमित्ताने व्हिएतनाम युद्धाच्या काळात सक्तीची लष्करभरती टाळणाऱ्यांचा जुना वाद पुन्हा उकरून काढला जातो. आपल्याकडे सैन्यात जाणे ऐच्छिक असल्यामुळे घरबसल्या कुणालाही ‘पळपुटा’ ठरवणे आपल्याला सोपे जाते, हेही येथे कबूल करायला हवे. माझ्या मते या वादात राग चुकीच्या माणसांवर निघतो.

वॉशिंग्टनमधील त्या युद्धाच्या काळ्या ग्रॅनाइटच्या स्मारकावर, ज्याचा आराखडा माया लिन हिने अवघ्या 21व्या वर्षी केला, 58 हजारांहून अधिक नावे तारखांच्या क्रमाने कोरलेली आहेत आणि एकाही नावापुढे हुद्दा नाही. नातेवाईक नावावर कागद धरून त्यावर पेन्सिल घासतात आणि उमटलेला ठसा घरी नेतात. दगडावर सर्वांना समान मान मिळाला हे योग्यच झाले. पण त्या दगडापर्यंत कोणाची मुले पोचणार, याची चाळणी फार आधी लागलेली होती. पूर्णवेळ महाविद्यालयात शिकणाऱ्याला भरतीतून सवलत होती, म्हणजे ज्याच्या बापाला फी परवडत होती त्याचा मुलगा सहसा मागे राहत असे आणि त्याची जागा कारखान्यातल्या किंवा शेतावरच्या मुलाने भरून काढायची. त्यातच 1966 पासून बुद्धिमापन चाचणीच्या अटी सैल करून, एरवी नापास झाली असती अशी मुलेही लष्करात घेतली गेली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले क्लिंटन आणि ट्रम्प व उपराष्ट्राध्यक्ष झालेले चेनी हे तिघेही या ना त्या सवलतीमुळे युद्धाबाहेर राहिले; पक्ष कोणताही असो, यांपैकी कोणाचीही कारकीर्द त्यामुळे अडली नाही, आणि चेनी तर संरक्षणमंत्रीही झाले.

याउलट मुष्टियोद्धे मुहंमद अली यांनी एप्रिल 1967 मध्ये ह्यूस्टन येथे सर्वांसमक्ष लष्करात जायला नकार दिला, जगज्जेतेपद गमावले, पाच वर्षांची शिक्षा ऐकून घेतली आणि ऐन उमेदीची सुमारे साडेतीन वर्षे रिंगणाबाहेर काढली. सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये ती शिक्षा रद्द केली. त्यांची भूमिका कुणाला पटो वा न पटो, परंतु त्यांनी किंमत स्वतः मोजली, आणि ज्याने किंमत मोजली त्याला भेकड म्हणणे मला तरी जमत नाही.

राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी 21 जानेवारी 1977 रोजी, म्हणजे सत्तेवर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, भरती टाळणाऱ्यांना माफी दिली, तेव्हा माजी सैनिकांच्या संघटना खवळल्या आणि ज्यांनी आपली पोरे गमावली होती त्यांचा संताप मला समजतो. मला खटकते ते वेगळेच. लष्करात दाखल झाल्यावर पळून गेलेले सैनिक या माफीतून वगळले गेले. भरती टाळण्यासाठी कॅनडा गाठलेल्या विद्यार्थ्याला परतीची वाट मोकळी झाली आणि गणवेश चढवून काही काळ तरी चाकरी केलेल्या गरीब घरच्या पोराच्या कपाळीचा शिक्का तसाच राहिला.