सात दिवसांची फाईल आणि आठ महिन्यांचे साहेब

आमच्या जिल्ह्यातील एका अधिकाऱ्याची अवघ्या आठ महिन्यांत बदली झाल्याची बातमी आज सकाळी वाचली आणि हातातला चहा तसाच निवून गेला. कारण नेहमीचेच, 'प्रशासकीय कारणास्तव'. या दोन शब्दांत काय काय मावते, ते तुम्हांला सांगत बसत नाही.

महाराष्ट्राने २००५ साली यासाठीच कायदा केला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने लावून धरलेला हा कायदा लोक 'दप्तर दिरंगाई'च्या नावाने ओळखतात. पण त्याच अधिनियमात बदल्यांचेही नियमन आहे. एका पदावर साधारणपणे तीन वर्षे, बदल्या एप्रिल-मे महिन्यांत, आणि फाईल एका कर्मचाऱ्याकडे सामान्यतः कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये. या दोन्ही गोष्टी एकाच दावणीला का बांधल्या, हे मला वडील गेल्यावर आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या फायलीने शिकवले.

सेवापुस्तकात आईच्या नावाला 'बाई' जोडलेले होते, आधार कार्डावर नव्हते. तेवढ्या 'बाई'पायी त्रुटी निघाली. आम्ही प्रतिज्ञापत्र दिले. तेव्हाच्या साहेबांनी ते स्वतः वाचले, आईला समोर बसवून घेतले आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितले. पुढच्या आठवड्यात त्या खुर्चीत दुसरेच साहेब होते आणि महिना होता ऑक्टोबर! नव्या साहेबांनी तीच त्रुटी नव्याने काढली. कायद्याच्या हिशेबाने फाईल कुणाकडेच फार दिवस नव्हती. साहेबच बदलत होते. तिसऱ्या साहेबांच्या सहीने निवृत्तिवेतन सुरू झाले, तोवर चौदा महिने लोटले होते.

मुदतीपूर्वी बदली करायची तर कारणे लेखी नोंदवावीत आणि वरिष्ठांची पूर्वमान्यता घ्यावी, असे हाच कायदा सांगतो. अपवादासाठी ठेवलेली ही खिडकी आता सगळ्यांचा राजरस्ता झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सनदी अधिकाऱ्यांना ठरावीक कार्यकाळ द्या, तोंडी हुकमांवर चालू नका, असे बजावले आणि संसदेने नागरी सेवांसाठी कायदा करावा, अशी अपेक्षाही व्यक्त केली. २०१५ साली राज्यात लोकसेवा हक्काचा अधिनियम आला. त्यात विलंबासाठी ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. दंड भरणार कोण, तर टेबलावर बसलेला. ज्याने दोन साहेब हलवले, त्याचे नाव कोणत्याच कलमात नाही, आणि संताप येतो तो इथेच.

काही बदल्या खरोखर आवश्यक असतात, हे मान्य. पदे रिक्त आहेत, एकेका लिपिकाकडे दोन-दोन टेबले आहेत, हेही मान्य.

त्याच कार्यालयातील एका लिपिकाबद्दल मात्र आज इतक्या रागातही वाईट लिहवत नाही. 'काकू, तुमची फाईल आज वर गेली' एवढे सांगण्यासाठी त्यांनी आपणहून आईला फोन केला होता. कोणत्याही कायद्याने त्यांना ते सांगितले नव्हते.

सकाळची बातमी आईला वाचून दाखवली. ती भाजी निवडत होती. मान वर न करता तिने विचारले, "मग त्यांच्या टेबलावर कुणाकुणाच्या फायली राहिल्या असतील रे?"