आई म्हणजे आरोपी नव्हे

आज दुपारपासून डोकं तापलंय. नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली की गरोदर बाईचं वजन, शुगर, बीपी भरलं की कॉम्प्युटर अंदाज सांगतो, बाळाच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिन (साखर आटोक्यात ठेवणारं हार्मोन) किती असेल, लेप्टिन (चरबीतून सुटणारं हार्मोन) किती असेल. इथवर छानच. खाली एका काकांनी लिहिलं, 'म्हणजे आता आईचा हलगर्जीपणा आधीच पकडता येईल.' त्यावर भराभर अंगठे!

पकडता येईल? ती काय चोर आहे?

माझ्या वहिनीला सातव्या महिन्यात शुगर निघाली. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा वर आलं की निदान झालं. ती रामबागेतल्या घरी पोचते तोच टोमणे सुरू: 'आणखी खा आमरस!' अहो, गर्भाशयात बाळाला पोसणाऱ्या वारेतूनच असे हार्मोन सुटतात की आईच्या इन्सुलिनचा जोर कमी पडतो. ज्या बाईच्या स्वादुपिंडाला ती तूट भरून काढता येत नाही, तिची शुगर वाढते. ती साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही, म्हणून बाळाला स्वतःचं जास्त बनवावं लागतं. आमरसाने वाढते थोडी, मान्य. पण रोग आमरसाने जडला नव्हता.

आणि ही यंत्रं शिकतात कुणाच्या आकड्यांवर? पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून जवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं अभ्यासली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५. आपली बाळं एवढीशी, तरी अंगावर चरबी त्या मानाने जास्त. आया मात्र किडकिडीत, शेतात राबणाऱ्या. परदेशातल्या धष्टपुष्ट बायकांवर शिकलेलं यंत्र अशा बाईचं वजन बघून 'सगळं ठीक' म्हणालं तर?

आधी कळलं तर उपाय करता येतो, हे खरं. तेवढं मान्य करते.

वहिनीचंच बघा. सरकारी नियम सांगतो की शुगरची तपासणी पहिल्याच भेटीत करा, मग २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. तिची पहिली वेळच सातव्या महिन्यात आली. तिथे यंत्र नव्हे, साधी एक बाटली ग्लुकोज कमी पडली. नंतर बिचारीने सगळं केलं. भात मोजून खाल्ला, जेवणानंतर दादासोबत रोज चालली. सगळ्यांना वाढून उरेल ते जेवणं मात्र सुटलं नाही. यंत्रात तो रकाना असेल का?

बाळ छान झालं, पेढे वाटले. वहिनीची शुगर पुन्हा कुणी बघितलीच नाही. आज तिला कायमची डायबेटीसची गोळी आहे.

तुमच्या घरी अशी बाळंतीण असेल तर सहा आठवड्यांनी तिला तपासायला घेऊन जा. बाळाच्या डोसला जाताच ना, त्याच फेरीत. आणि काका, तुम्ही हे वाचत असाल तर ती ओळ ग्रुपवरून काढा.