पदवी एकच, पण प्रयोगशाळा?

‘जळगावचं विद्यापीठ काय नि शहादा-शिरपूरचं संलग्न कॉलेज काय, पदवी तीच, मग घराजवळचं घ्या’ हे एमएस्सी कुठे करावी यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य धोक्याचं आहे. रोजचा एसटीचा प्रवास वाचतो, मान्य. पण प्रवेशाआधी विभागात जाऊन विचारा: हवं ते स्पेशलायझेशन यंदा खरंच चालू आहे का? पूर्णवेळ मान्यताप्राप्त शिक्षक किती, तासिका तत्त्वावर किती? एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) चालू आहे की झाकून ठेवलंय? आधीच्या तुकडीचा प्रकल्प अहवाल मागून बघा, त्यात नमुने तिथल्याच प्रयोगशाळेत तपासले की बाहेर, ते कळतं.

आणि नेटची (सहायक प्राध्यापक पदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची) अट लेखात हवीच होती: पदव्युत्तरला खुल्या वर्गाला ५५ टक्के, आरक्षित वर्गाला ५०. ५४.९ चे ५५ धरत नाहीत.