आईचं पत्र आणि हॅरी बर्नचं मत

दर ऑगस्टमध्ये एक गोष्ट फिरते. १९२०मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या हॅरी बर्न या २४ वर्षांच्या आमदाराला ऐन मतदानाच्या वेळी आईचं पत्र मिळालं, त्याने मत फिरवलं, त्या एका मताने अमेरिकेतल्या सगळ्या बायकांना मताधिकार मिळाला आणि त्याचं राजकारण कायमचं संपलं. आमदार खरा, पत्रही खरं. बाकीच्या गोष्टीत मात्र बऱ्याच जणांवर अन्याय होतो.

आधी मत फिरवल्याचं बघू. १८ ऑगस्टला नॅशव्हिलच्या विधानभवनात हॅरी बर्न कोटावर विरोधकांचं लाल गुलाब लावून बसला होता. स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या राज्यघटना दुरुस्तीला राज्याची मान्यता द्यायचा ठराव समोर होता. सभापती सेथ वॉकर यांनी तो बासनात बांधून ठेवायची सूचना मांडली आणि बर्नने तिला मत दिलं. ४८ विरुद्ध ४८. पुन्हा मोजणी झाली, तेच आकडे. बरोबरीमुळे सूचना पडल्यावर मूळ प्रश्न मतदानाला आला, तेव्हा तो ‘हो’ म्हणाला. म्हणजे ठराव लांबणीवर टाकायला त्याचं मत होतं, पण तो थेट नाकारायची वेळ आल्यावर त्याने नाकारला नाही. या दोन गोष्टी एक नव्हेत.

शिवाय निकाल लागला ४९ विरुद्ध ४७. बँक्स टर्नर हा दुसरा आमदार ठराव बासनात ठेवायला तयार झाला नाही म्हणून तर आधी बरोबरी झाली, आणि शेवटी त्यानेही ‘हो’ म्हटलं. त्याचं नाव या गोष्टीत कधीच येत नाही. टेनेसीच्या आधी ३५ राज्यांनी मान्यता दिली होती आणि ४८पैकी ३६ हवी होती. त्या ३५ राज्यांमागे बायकांची कित्येक दशकांची वणवण होती. ती विसरून एका तरुणाला हार घालणं मला पटत नाही.

आता पत्र. आई फेब बर्न टेनेसीतल्या नायोटा गावच्या शेतावर राहायची, वर्तमानपत्रं बारकाईने वाचायची. सात पानांच्या पत्रात घरच्या गप्पा आहेत आणि मध्येच, “हुर्रे! मताधिकाराला मत दे, त्यांना ताटकळत ठेवू नकोस.” पुढे ती सांगते, की कँडलरचं भाषण फार कडवट होतं आणि तू कुठे उभा आहेस ते मी बघत होते, पण अजून काही दिसलं नाही. हर्शेल कँडलर हे त्याच भागातले राज्य सिनेटर, मताधिकाराचे विरोधक. लेकाचं मन तिला माहीत नव्हतं, पण स्वतःचं मत ठाम होतं. तिला नुसती प्रेमळ आई करून टाकतात, तेव्हा राजकारण समजणारी ही बाई दिसेनाशी होते.

बर्नवर लाचखोरीचा आरोप झाला. दुसऱ्या दिवशी त्याने सभागृहाच्या कामकाजात आपलं निवेदन नोंदवलं. त्यात आईचा सल्ला आहेच, पण पहिलं कारण आहे, की पूर्ण मताधिकार हा हक्क आहे असं मी मानतो. आपल्या रिपब्लिकन पक्षाला श्रेय मिळावं ही इच्छाही त्याने लपवली नाही. आंधळेपणाने आज्ञा पाळणारा मुलगा असं लिहीत नाही.

‘सगळ्या बायकांना’ हे तर सर्वांत चुकीचं. दुरुस्तीने लिंगावरून मताधिकार नाकारायला बंदी केली, एवढंच. दक्षिणेत काळ्या स्त्रियांना मतदानावरचा कर आणि साक्षरता चाचण्यांनी रोखून धरलं ते १९६५च्या मताधिकार कायद्यापर्यंत. अनेक मूलनिवासी स्त्रियांना तर नागरिकत्वच १९२४मध्ये मिळालं.

आणि राजकारण संपलं? त्याच वर्षी, १९२०च्या निवडणुकीत, तो पुन्हा निवडून आला. १९३०मध्ये गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी उभा राहिला आणि हरला. पुढे राज्याच्या सिनेटमध्ये बसला, राज्यघटना दुरुस्तीच्या अधिवेशनांत प्रतिनिधी झाला, वकिली केली, बँक चालवली. १९७७मध्ये वारला. नॉक्सव्हिलमध्ये आज त्याचा पुतळा आहे, आणि त्याच्या शेजारी फेब उभी आहे.